मुक्तहस्त रेखाटन : आधी अंदाज, मग माप

पट्टी, कंपास, ट्रेसिंग यांचा आधार न घेता समोरची वस्तू नुसत्या हाताने कागदावर उतरवणं म्हणजे मुक्तहस्त रेखाटन. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र हे शब्द अजून आठवत असतील. दहावीनंतर बहुतेकांचं रेखाटन सुटतं, आणि वीस वर्षांनी पुन्हा पेन्सिल उचलली की तक्रार ठरलेली : ‘हात वळत नाही.’ खरं तर रोज सही करणारा, रांगोळी घालणारा, पोळी गोल लाटणारा हात रेषा काढायला पुरेसा तयार असतो. कच्ची असते ती नजर. तांब्याची उंची रुंदीच्या किती पट आहे, हे पाहून सांगायची तिला सवय नसते.

ही सवय लागते, पण तिला वर्षं लागतात, आणि नुसती पानं भरून ती लागत नाही. न तपासलेला सराव चुकाच पक्क्या करतो. म्हणून पुढच्या प्रत्येक अभ्यासाचा क्रम एकच ठेवा : आधी नजरेने अंदाज करून काढा, मग मोजा, मग चूक कुठे आणि किती झाली ते त्याच पानावर लिहा. माप आधी घेतलं तर नजरेला काम उरत नाही. मापच घेतलं नाही तर नजरेला आपली चूक कळत नाही.

वेळ रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, आणि रविवारी सकाळी बाहेर जाऊन दीड-दोन तास. रविवारी एकदम चार तास बसून बाकीचे दिवस सुट्टी, हे इथे चालत नाही. गाण्याच्या रियाजासारखंच आहे, खाडा झाला की हात लगेच सांगतो.

सामान

सुरुवातीला फार काही नको. एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली, एक साधं निळं किंवा काळं बॉलपेन, कटर, सँडपेपरचा छोटा तुकडा, एक-बाजू-कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि ए४ आकाराची एक स्केचबुक. शिवाय ए३ कागद मावेल असा हार्डबोर्ड आणि दोन मोठ्या क्लिपा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात हे सगळं एका फेरीत मिळतं. महागडा कागद पहिल्या वर्षी मुद्दाम टाळा. कागद महाग असला की हात आखडतो, पान वाया जाईल या भीतीने रेषा थरथरते.

पेन्सिलीला टोक कटरने करा. लाकूड साधारण २ सेंमी तासायचं आणि शिसं ६ ते ८ मिमी उघडं ठेवून सँडपेपरवर फिरवून निमुळतं करायचं. शार्पनरने शिसं आखूड राहतं, त्यामुळे पेन्सिल आडवी धरून रुंद छटा देता येत नाही आणि टोक दोन मिनिटांत बोथट होतं.

खोडरबर पहिली सहा महिने घरातच ठेवा. खोडलं की चूक पुसली जाते, आणि तुम्हाला तर तीच हवी आहे. चुकलेली रेषा तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी दुरुस्त रेषा जरा ठळक काढा. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे त्या दिवशीचा धडा.

बैठक आणि पकड

टेबलावर कागद सपाट ठेवून काढलेलं चित्र उभं धरलं की वरच्या अंगाला ताणलेलं दिसतं. तांब्याचा गळा लांब होतो, चेहरा घोड्यासारखा होतो. कारण साधं आहे : सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब असतो आणि तिरका, दबलेला दिसतो. हात नकळत ती कसर भरून काढतो. उपाय म्हणजे बोर्डाचा खालचा काठ मांडीवर आणि मधला भाग टेबलाच्या कडेवर टेकवून बोर्ड ४५ अंशांच्या आसपास उभा करा. नजर कागदावर काटकोनात पडली पाहिजे. शिवाय वस्तू आणि कागद यांच्यामध्ये नुसते डोळे हलवून पाहता आलं पाहिजे. मान वळवावी लागत असेल तर जागा बदला.

लिहिताना पेन्सिल टोकापासून ३ सेंमीवर धरतो. रेखाटनाला ८ ते १० सेंमीवर धरा, आणि मोठ्या रेषांना तळवा कागदाला टेकवू नका, फक्त करंगळीचं नख घासत जाऊ द्या. मनगट टेकवून आडवी रेषा ओढली की ती मनगटाभोवती फिरते आणि मधे फुगलेली कमान तयार होते. ४-५ सेंमीपर्यंतचं काम मनगटाचं, १५ सेंमीपर्यंतचं कोपराचं, त्यापुढचं खांद्याचं. रेष वाकडी आली की आधी बघा, कुठला सांधा फिरला.

रोजची दहा मिनिटं : रेषा आणि लंबवर्तुळं

गठ्ठ्यातला कागद घ्या. १५ सेंमी अंतरावर दोन ठिपके द्या. पेन कागदाला न टेकवता एका ठिपक्यावरून दुसऱ्यापर्यंत दोन-तीनदा फिरवा, मग न थांबता रेषा ओढा. ओढताना नजर पेनाच्या टोकावर नको, पोहोचायच्या ठिपक्यावर हवी. अशा २० आडव्या, २० उभ्या आणि २० तिरक्या रेषा. कागद फिरवून सगळ्या सोयीच्या दिशेने ओढू नका. प्रत्यक्ष चित्रात बोर्ड फिरवता येत नाही.

रेषा लहरत असेल तर वेग कमी पडतोय. ठिपक्याच्या पुढे जात असेल तर वेग जास्त आहे. दरवेळी एकाच बाजूला फुगत असेल तर आठवडाभर मुद्दाम उलट बाजूला किंचित फुगवून काढा, ती हळूहळू सरळ होते. सगळ्यात चिवट खोड म्हणजे केसाळ रेषा, म्हणजे एकाच कडेवर दहा तुटक रेघा. तिथे कड नक्की कुठे आहे हे ठरवलेलंच नसतं. बॉलपेन याच कामासाठी आहे. एका जागी एकच रेषा, चुकली तरी पुढची ठरवून.

त्यानंतर लंबवर्तुळं. वाटी, पेला, पातेलं, डबा, कुंडी, चाक, सगळ्यांचा जीव यात आहे. आधी लांब अक्ष काढा, त्याला मधोमध छेदणारा आखूड अक्ष काढा, चार टोकांवर खुणा करा आणि हात दोन फेऱ्या वरच्यावर फिरवून मग एका दमात आकार पूर्ण करा. तपासणी अशी : कागद उलटा धरून पाहा, आणि डावा-उजवा भाग सारखा आहे का ते बघा. दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार आली असतील तर तुम्ही वरची आणि खालची कमान वेगवेगळी काढून जोडली आहे. लंबवर्तुळाची टोकं नेहमी गोल असतात, ते कितीही चपटं असलं तरी. रोज २५ पुरेत, पण पाच वेगवेगळ्या जाडीची.

तांब्या

पहिल्या वर्षाचा मुख्य अभ्यास घरातल्या तांब्यावर करा. काठ, गळा, पोट, बूड, चारही ठिकाणी वेगळी गोलाई आणि कुठेही लपायला जागा नाही. स्टीलचा चकाकणारा नको, त्यात अख्खी खोली दिसते. तांब्याचा किंवा पितळेचा, न घासलेला मळका असेल तर उत्तम. खिडकीच्या एका बाजूला, दीड मीटर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा फूटभर खाली ठेवा.

कागदावर आधी वरची आणि खालची हद्द फिक्या खुणांनी ठरवा. मधून उभा अक्ष घ्या. आता फक्त पाहून ठरवा : पोटाची सगळ्यात मोठी रुंदी एकूण उंचीच्या किती? गळा पोटाच्या निम्मा आहे की जास्त? पोट सगळ्यात फुगीर कुठे आहे, मध्यावर की मध्याच्या खाली? या तीन अंदाजांच्या खुणा करा, चारही लंबवर्तुळं बसवा आणि मग बाजूच्या रेषा त्यांना जोडा. बाजू आधी काढून त्यात काठ बसवायला गेलात तर दोन्ही बाजू कधीच सारख्या येत नाहीत.

वीस मिनिटांनी पेन्सिलीने मोजा. हात पूर्ण ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा मिटलेला (दरवेळी तोच), पेन्सिल नजरेला काटकोनात. टोक पोटाच्या एका कडेला, अंगठ्याचं नख दुसऱ्या कडेला. ते अंतर तसंच धरून पेन्सिल उभी फिरवा आणि उंचीत ते किती वेळा बसतं ते पाहा. हे सेंटिमीटरचं माप नसून प्रमाण आहे, म्हणून तेच प्रमाण कागदावरच्या चित्रात मोजा. मोजताना कोपर जरा वाकलं, पाठ पुढे झुकली की प्रमाण बदलतं. ‘मोजूनही चुकलं’ म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचं कोपर वाकलेलं असतं.

दोन चुका जवळपास प्रत्येकाच्या पानावर दिसतात. पहिली, काठाचं लंबवर्तुळ प्रत्यक्षापेक्षा जास्त उघडं. तांब्याचं तोंड गोल आहे हे डोक्याला ठाऊक असतं आणि हात ते गोल दाखवायला धावतो. दुसरी, बूड सरळ रेषेचं. टेबल सपाट आहे ना, मग तळही सपाट, असं मन सांगतं. पण तांब्या नजरेच्या खाली असेल तर तळाची पुढची कड काठाच्या पुढच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली असते. लंबवर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते उघडतं. नजरेच्या बरोबर पातळीवर ते नुसती रेषा होतं. पाण्याने अर्धा भरलेला काचेचा पेला हळूहळू डोळ्यांसमोर वर-खाली करून पाहा, एकदा दिसलं की विसरणार नाही.

पानाच्या कोपऱ्यात तारीख, लागलेला वेळ आणि एका ओळीत मुख्य चूक लिहा : ‘पोट रुंद, साधारण दहावा हिस्सा जास्त.’ महिनाभराच्या ओळी एकत्र वाचल्या की तुमची स्वतःची खोड सापडते. कुणी सगळंच रुंद काढतं, कुणाचं चित्र उजवीकडे कलतं. खोड कळली की अंदाज करतानाच तिची वजाबाकी करता येते. दर तीन महिन्यांनी तोच तांब्या त्याच जागी ठेवून पुन्हा काढा.

कान असलेला कप, कढई, खुर्ची अशा वस्तू घ्याल तेव्हा वस्तूऐवजी मधल्या पोकळ्या काढा. कपाच्या कानातली पोकळी, खुर्चीच्या दोन पायांमधला तुकडा. पोकळीला नाव नसतं, त्यामुळे ‘पाय असे असतात’ ही आठवण मधे येत नाही.

छायाप्रकाश सहा महिन्यांनंतर. डोळे बारीक करून पाहा, म्हणजे बारीकसारीक तपशील विरतात आणि उजेड, मधली छटा, गडद एवढंच उरतं. मातीची पणती किंवा बटाटा यावर सुरू करा. वारंवार होणारी चूक म्हणजे सावलीच्या बाजूला टेबलावरून परतलेला उजेड फार पांढरा ठेवणं. तो सावलीचाच भाग आहे, उजेडाच्या बाजूवरच्या कुठल्याही छटेपेक्षा गडदच असतो. बोटाने पेन्सिल घासून गुळगुळीत करू नका, आकार मेणचट होतो.

साधारण सातव्या-आठव्या महिन्यात चित्रं अचानक वाईट वाटू लागतात. घाबरू नका. नजर हाताच्या पुढे गेलेली असते, पूर्वी न दिसणाऱ्या चुका आता दिसतात. सराव याच टप्प्यावर सर्वाधिक सुटतो. या दिवसांत नव्या वस्तू घेऊ नका. जुनाच तांब्या, जुनीच वाटी, आणि पहिल्या महिन्याचं पान शेजारी.

दुसरं वर्ष : पेठांमध्ये

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) पुस्तकातून शिकण्याआधी नजरेची पातळी शोधायला शिका. स्केचबुक आडवी धरून डोळ्यांसमोर आणा, जेव्हा तिचं वरचं आणि खालचं पान दोन्ही दिसेनासं होऊन फक्त कड दिसते, तीच ती पातळी. तीच क्षितिजरेषा. लक्ष्मी रोडवर उभं राहून पाहिलंत तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची आणि लांबची, याच रेषेवर येतात. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. दुकानाच्या पायरीवर बसलात तर ही रेषा उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपासून जाते. नवशिक्यांच्या चित्रात लांबची माणसं बुटकी मुलं वाटतात ती हे न पाहिल्यामुळे.

लंबवर्तुळांचा पुढचा अभ्यास पाताळेश्वरला करा. आठव्या शतकातल्या या लेण्याच्या अंगणात गोल नंदीमंडप आहे. जमिनीवर बसा. छताची कड नजरेच्या वर आहे, म्हणून तिची पुढची बाजू वर फुगलेली दिसते. खांबांचे तळ नजरेच्या खाली आहेत, ते ज्या वर्तुळावर उभे आहेत त्याची पुढची बाजू खाली फुगते. एकाच वास्तूत दोन्ही. आधी ही दोन लंबवर्तुळं, मग खांब. खांबांमधली अंतरं मधे जास्त आणि कडांना कमी होत जातात. सारखी अंतरं ठेवलीत की मंडप कागदी पट्टीसारखा सपाट होतो.

लाकूडकामासाठी विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आहेत. नक्षीपासून सुरुवात करू नका. पानाच्या उंचीत खांब किती, मधली जागा किती, एवढंच पहिल्या तीन भेटींत. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजाही असाच. खिळे मोजत बसलात तर कमान हातची जाते. महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा या वर्षाच्या शेवटी घ्या. अष्टकोन आधी लंबवर्तुळात बसवा, त्यावर आठ खुणा करा, त्या सरळ रेषांनी जोडा. पर्वतीच्या पायथ्याशी बसून चढ काढताना एक गोष्ट सांभाळा : चढत्या कडा जिथे एकत्र येतात तो बिंदू क्षितिजरेषेच्या वर असतो. तो क्षितिजावर ठेवला की जिना सपाट रस्ता होतो.

पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ हीच वेळ. दुपारी सावल्या पायाखाली येतात आणि इमारतींना घडणच उरत नाही. सावल्यांच्या कडा बसल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांत नोंदवून टाका आणि नंतर त्या हलल्या तरी बदलू नका. पावसाळ्यात दमट कागद मऊ पडतो, पेन्सिल रुतते आणि रेष खोडली तरी खाच राहते. स्केचबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि जून ते सप्टेंबर बॉलपेन वापरा. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय या महिन्यांसाठी सोन्यासारखं आहे. तिथले दिवे आणि अडकित्ते म्हणजे तांब्याची पुढची इयत्ता. बसून रेखाटायचं असेल तर आधी तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

माणसं

तिसऱ्या वर्षाआधी हलती माणसं नकोत. पुतळ्यासारखं बसलेलं माणूस मिळतं ते पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, थांब्यावर, मोबाइलमध्ये मान घालून. मंडईत गाळ्यावर बसलेले भाजीवाले तासन्‌तास एका जागी असतात, हलतात ते हात.

आधी ३० सेकंदांची चित्रं, एका पानावर दहा. डोक्याचा अंडाकार, मग कण्याची एकच रेषा, मग ज्या पायावर भार आहे तो. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे सरळ खाली येणारी उभी रेषा, भार पेलणाऱ्या पायाशी येतो. तो पायांच्या बाहेर पडला तर माणूस चित्रात पडतंय असं वाटतं. भार असलेल्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. साडी नेसलेल्या बाईच्या चित्रात निऱ्या काढायची घाई करू नका. गुडघा कुठे आहे ते ठरलं की निऱ्या आपोआप कुठून पडतात ते कळतं.

चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. जवळजवळ सगळे ते वर काढतात, कारण कपाळ आणि केस यांच्याकडे लक्ष नसतं. तळहाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत येतो, पाऊल कोपर ते मनगटाएवढं असतं. हात-पाय लहान काढायची खोड या दोन मापांनी सुटते. कुणाच्या लक्षात आलं आणि त्यांना आवडलं नाही, तर पान उलटा आणि दुसरीकडे बसा.

आठवणीतून

चौथ्या-पाचव्या वर्षी स्मरणचित्राकडे परत या, आता शाळेतल्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने. चौकातली रिक्षा, चहाची टपरी, वडाचं झाड, काहीही एक निवडा. दोन मिनिटं पेनाला हात न लावता पाहा आणि मनात प्रमाणं बोला : चाक उंचीच्या किती, छप्पर कुठे वाकतं, पारंब्या कुठून सुटतात. वस्तूकडे पाठ फिरवा आणि पाच मिनिटांत निळ्या पेनने काढा. मग वळून समोर पाहा आणि लाल पेनने त्याच चित्रावर दुरुस्ती करा. सुरुवातीला पान लालेलाल होतं. आठवड्याला तीन पानं, प्रत्येक वेळी नवी वस्तू. लाल रेषा ज्या जागी पुन्हा पुन्हा येतात, तो भाग दुसऱ्या दिवशी समोर बसून २० मिनिटं काढा आणि त्याच संध्याकाळी, घरी, पुन्हा एकदा न पाहता.